मेणवलीचा वाडा : कागद आणि वास्तु

वाईहून धोमकडे जाणाऱ्या वाटेवर, सुमारें एक कोसाच्या अंतरावर, कृष्णेच्या तीरीं मेणवली हें लहानसें गांव आहे. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांचा वाडा, त्याच्या पाठीमागील घाट आणि घाटावरील दोन देवालयें यांमुळें ह्या गांवाचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत राहिलें आहे. हा वाडा व त्याचा परिसर आम्हीं नुकताच पाहिला. त्या वेळीं जें ध्यानांत आलें तें संशोधकांपुढें व कागद जमविणाऱ्या मंडळींपुढें ठेवीत आहों. वाडा हेंहि इतिहासाचें एक अस्सल साधन आहे. तें दप्तराशेजारीं ठेवून वाचल्यावांचून दप्तराचाहि पूर्ण अर्थ लागत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

मेणवली गांव नानांकडे आलें तें शके १६९० मध्यें, म्हणजे इ. स. १७६८ च्या डिसेंबरांत. औंधचे भवानराव त्रिंबक प्रतिनिधि व साताऱ्याचे रघुनाथ घनःश्याम मंत्री यांनीं तें दिलें. नानांचें वय त्या वेळीं सव्वीस वर्षांचें होतें. पानपतावरून ते जीव घेऊन परत आले त्यास आठ वर्षेंहि झालीं नव्हतीं; त्या मोहिमेंत मातुःश्री अंतरल्या होत्या. थोरल्या माधवरावसाहेबांच्या कारकीर्दींत फडणिशीचें काम ते चालवीत असत. बारभाईंचें कारस्थान अद्याप पांच-सहा वर्षें दूर होतें. तेव्हां गांव मिळालें हा योग म्हणावा. परंतु मिळालेल्या गांवीं काय बांधावें व कसें बांधावें ही निवड मात्र सर्वस्वीं नानांची होती, आणि म्हणूनच ती तपासण्यासारखी आहे.

वाडा दुमजली व सहा चौकांचा आहे. भोंवतीं भक्कम कोट आहे. भिंती जाड, खांब व तुळया सागवानी. चौकामागून चौक ओलांडीत आंत जावें तसतसा बाहेरचा माणूस मागें पडत जातो व घरचा माणूस पुढें येतो, अशी मांडणी आहे. कांहीं दालनांत भिंतींवर देवादिकांचीं चित्रें आहेत. त्यांचे रंग पुष्कळ ठिकाणीं फिके पडले आहेत. वाईजवळच्या रास्त्यांच्या मोतीबागेंतहि भिंतींवर चित्रें आहेत. दोन्हींची तुलना करून ह्या प्रांतांतील चित्रकारीचा स्वतंत्र विचार कोणी केल्यास तो उपयुक्त होईल.

पाठीमागच्या दारानें बाहेर पडलें कीं घाट लागतो. पायऱ्या चंद्रकोरीप्रमाणें वळत नदींत उतरतात. तेथें मेणेश्वर महादेवाचें व विष्णूचें अशीं दोन देवालयें नानांनीं बांधिलीं. आपल्याकडील मुत्सद्द्यांच्या बागा पाहावयास जातांना मोंगली धर्तीचे ताटवे व सरळ रेषेंतील कारंजीं मनांत धरून जाऊं नये. झाड, पाणी आणि देव हीं तिन्हीं एकत्र आलीं म्हणजे आपली बाग पुरी होते. पुण्यांत नानांनीं लक्ष्मीनारायणाचें देवालय बांधिलें, त्यास आजहि बेलबाग म्हणतात. देव विष्णु असून नांवांत बेल व बाग राहिली. त्याच पुण्यांत आंबेगांवाकडून बंदिस्त नळानें पाणी आणून सदाशिव पेठेंतील हौद त्यांनीं भरविला. मेणवलीस नळाची गरज नव्हती. कृष्णाच दारांत होती. स्नानसंध्या, देवदर्शन व झाडांची सावली हीं दहावीस पावलांत मिळावींत अशी ही रचना आहे. अलीकडे चित्रपटांमुळें, विशेषतः २००४ सालच्या ‘स्वदेस’ ह्या हिंदी चित्रपटामुळें, हा घाट पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे.

मेणेश्वराजवळ एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूसह मरियमेची आकृति व १७०७ हें साल आहे. चिमाजीआप्पांनीं इ. स. १७३९ मध्यें वसई घेतली, त्या वेळीं तेथील चर्चमधून ही घंटा आली असें सांगतात. आकृति फिरंग्यांच्या धर्माची आहे व साल वसईच्या पाडावापूर्वींचें आहे. म्हणजे घंटेची साक्ष परंपरेस अनुकूल आहे. मात्र वसई पडली तेव्हां नानांचा जन्महि झाला नव्हता. तेव्हां वसईची लूट थेट मेणवलीस आली असें न समजतां, मधल्या मुक्कामांचा शोध जमाखर्चाच्या कागदांत घेतला पाहिजे. वास्तु प्रश्न विचारते व उत्तर दप्तरांत शोधावें लागतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आतां स्थळाविषयीं. मेणवलीहून वाई जवळ. वाईहून पुणें व सातारा ह्या दोन्ही राजस्थानांस जाणें सोईचें. आणि पसरणी चढून महाबळेश्वरच्या माथ्यावरून प्रतापगडाखालीं पारघाटानें महाडास उतरतां येतें. ह्याचें महत्त्व इ. स. १७९६ मध्यें दिसून आलें. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर गादीचा घोळ पडला, शिंद्यांची फौज पुण्यावर येऊं लागली, तेव्हां नाना पुणें सोडून पुरंदर व सातारा करून वाईस आले. तेथेंहि धोका दिसतांच ते महाडास उतरले व रायगडीं त्यांनीं आपली शिबंदी ठेविली. त्याच सालच्या ऑक्टोबरांत महाडास निजामाशीं तह ठरवून नोव्हेंबरअखेर ते पुण्यास परत आले. ज्याचें घर ह्या वाटेच्या तोंडाशीं होतें, त्यास ती नव्यानें शिकावी लागली नाहीं.

शके १७२१ च्या फाल्गुनांत, ता. १३ मार्च १८०० रोजीं, नाना वारले. मागें जिऊबाई ह्या नऊ वर्षांच्या पत्नी राहिल्या. दुसऱ्या बाजीरावांनीं मालमत्तेवर जप्ती आणिली. लोहगडचे किल्लेदार धोंडो बल्लाळ नित्सुरे यांनीं बाईंस गडावर आश्रय दिला. पुढें १८०३ मध्यें जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनें त्या पनवेलीस सुरक्षित पोंचल्या व त्यांस सालीना बारा हजार रुपये नेमणूक झाली. मेणवलीचें घर नंतर पुनः कुटुंबाकडे आलें आणि पुढें दत्तकाच्या वंशाकडे राहिलें. त्यामुळेंच त्या घरांतील दप्तर वांचलें.

हें दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मिळविलें. १९२६ मध्यें ते वारले, आणि १९३९ मध्यें त्यांचा साताऱ्याचा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. कागद जगले, याबद्दल सर्वांनीं पारसनिसांचें ऋणी राहिलें पाहिजे. तथापि प्रत्येक स्थलांतरांत कांहीं तरी गळतेंच. कोणता रुमाल कोणत्या कोनाड्यांत होता, कोणती पेटी माजघरांत व कोणती सदरेवर होती, हें ज्ञान कागदाबरोबर गाडींत चढत नाहीं. सदरेवरचा कागद चार कारकुनांनीं पाहिलेला. आंतल्या चौकांतला धन्यानें स्वतः राखलेला. फडणिसाच्या घरीं हा भेद लहान नव्हे.

राजवाड्यांच्या पहिल्या खंडाचे कागद (१८९८) ह्याच वाईंत सांपडले, हें वाचकांस विदित आहेच. तेव्हांपासून आपण घरोघर कागद शोधले. घरें मात्र पाहिलीं नाहींत. मेणवलीचा मोजणीचा नकाशा दालनांच्या जुन्या नांवांसह तयार व्हावा, भिंतींवरील चित्रांचीं छायाचित्रें घेतलीं जावींत, आणि ज्यांच्या संग्रहीं वाडे-दप्तरांतील रुमाल आहेत त्यांनीं ते कोणत्या घरांतून व घराच्या कोणत्या भागांतून आले तें रुमालावरच लिहून ठेवावें. हें शेवटचें काम बिनखर्चाचें आहे. तें सांगणारीं वृद्ध माणसें हयात आहेत तोंवरच तें होण्यासारखें आहे.