तांबेरी, मार्को

इटालियन उंच उडीपटू व प्रशिक्षक. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्यांनी उंच उडीची अंतिम फेरी गाठली; ती स्पर्धा पूर्व जर्मनीच्या गेर्ड वेसिगने २.३६ मीटरच्या विश्वविक्रमासह जिंकली. १९८३ मध्ये तांबेरींनी बंदिस्त स्टेडियममध्ये २.२८ मीटर उडी मारून इटलीचा राष्ट्रीय विक्रम केला. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व प्रशिक्षक म्हणूनच मोजावे लागते.

मुलगा जानमार्को (जन्म १९९२) आधी बास्केटबॉल खेळत असे. तो उंच उडीकडे वळला तेव्हा मार्को त्याचे प्रशिक्षक झाले. २०१६ मध्ये पोर्टलंडला त्याने जागतिक इनडोअर विजेतेपद मिळवले, पाठोपाठ ॲम्स्टरडॅमला युरोपीय सुवर्णपदक. त्याच वर्षी १५ जुलैला मोनॅकोत २.३९ मीटरचा इटालियन विक्रम केल्यावर २.४१ मीटरचा प्रयत्न करताना त्याच्या डाव्या घोट्याचे अस्थिबंध फाटले. रिओ ऑलिंपिक तीन आठवड्यांवर होते, ते हुकले.

डावा पाय हाच त्याचा उसळी घेण्याचा पाय. पाठ दांडीकडे करून ती ओलांडण्याच्या फॉसबरी पद्धतीत खेळाडू शेवटची पावले वळणावर टाकतो आणि दांडीपासून दूरच्या पायावर उसळी घेतो. धावेचा सारा वेग त्या एका पावलात वर वळवायचा असतो, त्यामुळे घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. असा पाय दुखावला की नुसती ताकद परत मिळवून भागत नाही. भरधाव येऊन तो निःशंकपणे टेकण्याची हिंमतही नव्याने कमवावी लागते. पिता-पुत्रांची पुढची वर्षे या कामात गेली. २०१९ मध्ये ग्लासगोला युरोपीय इनडोअर विजेतेपद आले आणि १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण. तेथे जानमार्को आणि कतारचा मुताझ बर्शीम दोघांनी २.३७ मीटर पार केले, २.३९ मीटरवर दोघेही तीनदा अपयशी ठरले, आणि बरोबरी फोडण्यासाठी आणखी उड्या न घेता त्यांनी सुवर्ण वाटून घेतले. जगभर या मैत्रीचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण दुखावलेल्या पायाला पुन्हा त्या उंचीपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षकाची दखल त्या मानाने फार थोडी घेतली गेली.

२०२२ च्या हंगामानंतर पिता-पुत्रांनी एकत्र काम करणे थांबवले. प्रशिक्षणाची जबाबदारी जुलिओ चोत्ती या दुसऱ्या माजी इटालियन उंच उडीपटूकडे गेली. २०२३ मध्ये बुडापेस्टला जानमार्को २.३६ मीटर उडीसह जगज्जेता झाला.