आरे वृक्षतोडीविरुद्धचे विद्यार्थी आंदोलन

आरे वृक्षतोडीविरुद्धचे विद्यार्थी आंदोलन हा मुंबईतील गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतील झाडे वाचवण्यासाठी झालेल्या लढ्याचा एक भाग होय. स्थानिक रहिवासी, पाड्यांवरील आदिवासी आणि पर्यावरणप्रेमी यांचा विरोध आधीपासूनच चालू होता. २०१९ मध्ये त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने उतरले.

पार्श्वभूमी

कुलाबा–वांद्रे–सीप्झ या भुयारी मेट्रो-३ मार्गिकेची कारशेड आरेमध्ये उभारण्याचे ठरले होते. २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडांचे पुनर्रोपण करण्यास मंजुरी दिली. ही जमीन कायद्याच्या अर्थाने ‘वन’ आहे की नाही, हा वादाचा मूळ मुद्दा होता.

ऑक्टोबर २०१९

४ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यंत्रांनी झाडे पाडण्यास सुरुवात झाली. बातमी समाजमाध्यमांवरून पसरताच तरुण आरेकडे धावले. परिसरात जमावबंदी लागू झाली. अटक झालेल्या २९ जणांत विद्यार्थीही होते. त्यांना ६ ऑक्टोबरला जामीन मिळाला.

त्याच दिवशी विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयास तेव्हा दसऱ्याची सुट्टी होती. तरीही ते पत्रच जनहित याचिका मानून ७ ऑक्टोबरला न्या. अरुण मिश्रा व न्या. अशोक भूषण यांच्या विशेष खंडपीठापुढे सुनावणी झाली आणि वृक्षतोड थांबवण्यात आली. मात्र मेट्रो महामंडळाच्याच निवेदनानुसार तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. स्थगितीने वाचण्याजोगी झाडे त्यामुळे फारच थोडी उरली होती.

नंतरच्या घडामोडी

नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या राज्य सरकारने कारशेडचे काम थांबवले आणि त्यानंतर आंदोलकांवरील गुन्हे मागे घेण्याचेही जाहीर केले. पुढे कांजूरमार्गची जागा निवडण्यात आली. जुलै २०२२ मध्ये सत्तांतरानंतर काम पुन्हा आरेत आले. विद्यार्थ्यांच्या पत्रातून निघालेले प्रकरण मात्र न्यायालयात चालूच राहिले. त्यातच एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने १७७ झाडे हटवण्यास परवानगी दिली. परंतु आधी दिलेल्या ८४ झाडांच्या मुभेपलीकडे परस्पर परवानगी मागितल्याबद्दल महामंडळास १० लाख रुपये भरण्यास सांगितले. भरपाईपोटी लावलेल्या झाडांची पाहणी करण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने पथक पाठवावे, असेही न्यायालयाने सुचवले.