गाडग्यातला नाग

आमच्या गावापासून बत्तीस शिराळा फार लांब नाही. लहानपणी नागपंचमीला अब्बा मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडं नेत. ज्या गाडग्यात घरोघरी पीठमीठ ठेवतात, तसल्याच गाडग्यात नाग असे. तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सुटलं की तो फणा काढून उभा राही आणि बायाबापड्या हात जोडत. आम्ही मुसलमान, पूजा आमची नव्हे. पण भीती आणि कौतुक यांना कुठं जात असते? मीही अब्बांचा सदरा घट्ट धरून बघत असे. सण झाला की पकडलेले नाग रानात सोडून देत.

१९८१ च्या पावसाळ्यात ती भीती आमच्या घरात आली. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, रात्री जमिनीवर वाकळ टाकून झोपली होती. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठली. थोड्या वेळानं तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. अंगावर जखम दिसेना. दादीनं अंथरूण झटकलं, तर खालून मण्यार निघाली. मुल्लाजींनी पाणी फुंकून दिलं. शेजारचे पाटीलकाका म्हणाले, मारुतीच्या देवळात न्या. तिथंही नेलं. कुणी कडुनिंबाचा पाला चघळायला दिला. सगळ्यांची माया खरी होती. उपाय मात्र एकही खरा नव्हता. बैलगाडीनं तालुक्याला पोचलो तेव्हा दवाखान्यात लस शिल्लक नव्हती. आपा सतरा वर्षांची होती.

पुढं बी.ए.ला मी इतिहास घेतला. लढाया आणि तह पाठ केले. पण आपाला जी लस मिळाली नाही ती आली कुठून, हे कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नव्हतं. ते मी नंतर वाचत गेलो. आणि लक्षात आलं, की हाही इतिहास एका गाडग्यापासूनच, म्हणजे खरं तर एका पिंपापासून सुरू होतो.

१८९१ साल. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचं राज्य होतं. बाक लियू भागातल्या एका गावात पुराच्या पाण्याबरोबर नाग शिरले. चाळीसेक माणसांना दंश झाला, चौघं गेली. एका स्थानिक गारुड्यानं पकडलेले १९ नाग पिंपात भरून सायगावच्या प्रयोगशाळेत आल्बेर काल्मेत या तरुण डॉक्टरकडे पाठवले गेले. तो पाश्चरच्या परंपरेतला. त्याला वाटलं, देवी आणि रेबीजवर लस निघते, मग विषावर का नाही? पुढं फ्रान्सला परतल्यावर त्यानं जनावरांना विषाचे अगदी थोडे आणि मग वाढते डोस दिले. त्यांच्या रक्तात विषाशी झुंजणारं द्रव्य तयार झालं. ते माणसाला टोचलं तर नागाचं विष निकामी होतं, हे त्यानं दाखवून दिलं. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो ना, त्यातला ‘सी’ म्हणजे हाच काल्मेत.

काल्मेतला वाटलं होतं, आपलं औषध सगळ्या सापांवर चालेल. ब्राझीलच्या वितल ब्राझील या डॉक्टरनं ते चुकीचं ठरवलं. ज्या सापाचं विष, त्याच जातीच्या सापावर उतारा, हे त्यानं सिद्ध केलं. म्हणजे नुसता एखादा नाग पाळून भागणार नव्हतं. देशोदेशी तिथले विषारी साप पकडून सांभाळावे लागणार होते. साओ पाउलोत १९०१ साली बुतांतान संस्था उभी राहिली. तिथून शेतकऱ्यांना साप धरायचा फास आणि लाकडी पेटी मिळे. शेतकरी आगगाडीनं साप धाडत आणि बदल्यात लस मिळवत. विषाच्या बदल्यात औषध, असा रोकडा व्यवहार.

या व्यवहारात माणसांनी जीवही दिला. ऑस्ट्रेलियात तायपान नावाचा अतिजहरी साप आहे. त्याच्यावर औषध नव्हतं, कारण जिवंत तायपान कुणाच्या हाती नव्हता. २७ जुलै १९५० रोजी केविन बडन या वीस वर्षांच्या मुलानं केर्न्सजवळ एक पकडला. पिशवीत घालताना तो हाताला चावला. तरी मुलाचा आग्रह एकच, साप मारू नका, अभ्यासाला पाठवा. दुसऱ्या दिवशी तो गेला. साप मेलबर्नला पोचला, त्याचं विष काढलं गेलं आणि १९५५ साली तायपानवरचं औषध तयार झालं.

आपल्याकडे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचं नाव आहे. सर्पविषाचं मोठं काम तिथं उभं राहिलं. तिथल्याच डॉ. पी. जे. देवरस यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९६५ साली काढलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच लस आपल्याकडे देतात. ती बनते घोड्याच्या रक्तातून. पण घोड्याला टोचायचं विष आणायचं कुठून?

त्याचं उत्तर तमिळनाडूत आहे. इरुळा ही तिथली आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या साप धरत आली. कातड्याच्या व्यापारासाठी त्यांनी असंख्य साप मारले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बसला आणि चुली थंडावल्या. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ साली इरुळांची सहकारी संस्था निघाली. चेन्नईजवळ वडनेम्मेली इथं ते साप ठेवतात, आणि कशात? मातीच्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून! थोडे आठवडे ठेवायचं, काही वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि रानात सोडून द्यायचं. खूण एवढ्यासाठी, की तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

शिराळ्याच्या जिवंत नागांवर २०१४ साली उच्च न्यायालयानं निर्बंध आणले. गावकऱ्यांना वाईट वाटलं, ते मी समजू शकतो. पण साप बंदिस्त करायचा तर कशासाठी, हे विचारायला हवंच. दात पाडून, तोंड शिवून टोपलीत घातलेला गारुड्याचा नाग तडफडून मरतो आणि त्यातून कुणाचाच जीव वाचत नाही. इरुळांच्या मडक्यातला नाग मात्र काही दिवसांची कैद भोगून अनेकांना आयुष्य देऊन जातो. कैद ती कैदच. पण तिची मुदत असते आणि तिला कारणही असतं.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली, बहुतेक गरीब. औषधाचा शोध लागून सव्वाशे वर्षं उलटली. तरी ते अंथरुणापर्यंत पोचत नाही, किंवा आपण त्याच्यापर्यंत वेळेत जात नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. देवळात नवस बोला, दर्ग्यात दुआ मागा, पण माणूस दवाखान्याच्या वाटेला लागल्यावर. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, बाज नि मच्छरदाणी वापरा.

गावी गेलो की मी आरोग्य केंद्रात डोकावतो आणि सर्पदंशाची लस आहे का, एवढंच विचारतो. तिथल्या सिस्टर आता मला ओळखतात. मी काही विचारायच्या आत त्या फ्रीज उघडून बाटल्या दाखवतात. मी त्या मोजतो आणि घरी येतो.