दिपोटी

आमच्या माणात पाऊस आणि दिपोटी दोघेही वर्षातून एकदाच यायचे. फरक एवढाच, की दिपोटी नक्की यायचा.

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर. एवढे लांबलचक नाव म्हसवड-दहिवडीच्या उन्हात टिकणार कसे? ते वाळून 'दिपोटी' झाले. पुढे सरकारने हुद्द्याचे नाव बदलले, पण आमच्या वाडीने काही बदलले नाही.

ही स्वारी आली कुठून, ते मी मोठेपणी शोधले. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले, १८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखाते निघाले. त्याआधी खुद्द 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर शाळातपासनीस होते. टिळकांचे वडील गंगाधरपंत १८६६ साली पुण्याला आले, ते असिस्टंट डेप्युटी म्हणूनच. माणसे अशी विद्वान; म्हणून पोरांचे पाय लटपटायचे थांबले असतील, असे मात्र समजू नका!

मोठ्यांची धास्ती वेगळी होती. १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी. कुसळे पिकवणाऱ्यालाही आणा चुकला नाही. महसूल रयतेच्या घामाचा आणि विद्या वरच्या वर्गाला, हे दुखणे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे मांडले.

हे वाचताना मला आमची चौथी आठवली. दिपोटी येणार म्हणून गुरुजींनी पट भरायला रानातून मेंढरांमागची पोरे धरून आणली. त्यातला एक माझ्याशेजारी बसला. पाटी माझी, पेन्सिल माझी. दिवसभर खपून गडी 'ग' काढायला शिकला. साहेब 'हजेरी समाधानकारक' असा शेरा मारून, चहा पिऊन गेले.

शाळा सुटल्यावर त्याने विचारले, "उद्याबी सायेब येनार हाय का रं?"

"न्हाई. आता फुडल्या वर्साला."

काही न बोलता त्याने पाटी माझ्या हातात दिली आणि मेंढरांकडे पळाला.

त्याच्या खापरपणज्याने भरलेल्या आण्याची घरात आलेली वसुली म्हणजे तो एक 'ग'. तोही माझ्याच पाटीवर राहिला. दोन दिवस मला तो पुसवला नाही.