चाकांवरचें बिऱ्हाड

२० जुलै १९६३ या दिवशीं उत्तर अमेरिकेंत खग्रास सूर्यग्रहण लागलें. छायेचा पट्टा कॅनडा ओलांडून संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यांतील मेन प्रांतावर आला आणि तेथून अटलांटिक महासागरावर निघून गेला. मेनमधील हिंक्ली या लहानशा गांवीं, तेथील शाळेच्या आवारांत, हें ग्रहण पाहावयास सव्वीस कुटुंबें जमलीं होतीं. त्यांना खाणावळीची वा धर्मशाळेची चौकशी करावी लागली नाहीं. कारण प्रत्येकानें आपलें घर चालवीतच आणलें होतें. मोठाल्या मोटारगाड्यांच्या पोटांत बिछाने, चूल, पाण्याची टांकी, कपडेलत्ते आणि भांडींकुंडीं, असा सारा संसार मांडलेला होता. खग्रास स्थिति मिनिटभराच्या आसपास टिकली. परंतु मंडळी आपापल्या वाटेनें निघून जाण्यापूर्वीं तेथेंच एक संस्था जन्मास आली. ‘फॅमिली मोटर कोच असोसिएशन’ हें तिचें नांव. पुढें तिचे सभासद हजारोंनीं वाढले, तिचें मासिक निघूं लागलें, आणि सभासदाच्या क्रमांकाची अंड्याच्या आकाराची पाटी गाडीवर लावण्याचा प्रघात पडला.

ग्रहण हें केवळ निमित्त होतें. अशा घरांच्या मालकांना एकमेकांची गांठ हवी असे, आणि तिचें कारण हौसेहून अधिक निकडीचें होतें.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण विंचवाला नळाचा सांधा आवळावा लागत नाहीं, कीं विजेची तार तपासावी लागत नाहीं. मोटार आणि घर यांचा संसार एकत्र झाला म्हणजे दोघांचींहि दुखणीं एकाच अंगांत वस्तीला येतात. रस्त्याला लागलेलें घर रोज भूकंपांत सांपडल्यासारखें हादरत असतें; त्याच्या खिळ्यांना, स्क्रूंना आणि नळ्यांना जो मार बसतो तो स्थिर घराच्या वांट्याला कधींच येत नाहीं. उलट, साधी मोटार नित्य धांवते म्हणून तिचें तेल खेळतें राहतें व बॅटरी भरते. घर होऊन बसलेली मोटार महिनेच्या महिने एका जागीं उभी राहते आणि उभ्या उभ्याच आजारी पडते. तिचे टायर झिजून जाण्याआधींच वयानें आणि उन्हानें तडकतात. तिच्यांत वीज दोन प्रकारची: एक बॅटरीची बारा व्होल्टची, दुसरी मुक्कामावर बाहेरून घेतलेली एकशें वीस व्होल्टची. ज्योतीच्या उष्णतेवर चालणारें तिचें शीतकपाट गाडी तिरपी उभी केली कीं आपलें काम सोडून बसतें. छताला चीर पडते एका टोंकाला, आणि पाणी आंतल्या फासळीवरून ओघळत जाऊन ठिबकतें दुसऱ्या टोंकाला. तेव्हां जेथें ओल दिसते तेथें लांबी भरणारा मालक पुढच्या पावसांत पुन्हां भिजतो. मोटारीचा मिस्त्री चूल पाहून हात झटकतो, नळकाम करणारा गाडीखालीं शिरत नाहीं, आणि सुतार हलत्या भिंतीची हमी घेत नाहीं. असें वाहन आपादमस्तक जाणणारा एकच इसम उरतो, तो म्हणजे तसल्याच वाहनाचा दुसरा मालक.

ही गोष्ट हिंक्लीच्या मेळाव्यापूर्वीं चव्वेचाळीस वर्षें लोकांच्या ध्यानीं आली होती. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहराच्या डी सोटो उद्यानांत थंडीचे दिवस काढावयास आलेल्या मोटारवाल्या प्रवाशांनीं एक मंडळ स्थापिलें व त्याला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी, असें नांव दिलें. मुंबईच्या डबेवाल्यांशीं त्यांचें नातें नाहीं. ते डबाबंद अन्न खात म्हणून हें नांव पडलें असें कोणी म्हणत. फोर्डच्या स्वस्त गाडीला लोक थट्टेनें पत्र्याची गाडी म्हणत, त्यावरून तें आलें असें दुसरे म्हणत. नांव कसेंहि पडो, त्या लोकांनीं तें अभिमानानें मिरविलें. रेडिएटरच्या टोपणावर डाग देऊन बसविलेला पत्र्याचा डबा हें त्यांचें बोधचिन्ह. हातांची गुप्त खूण होती, परवलीचा शब्द होता, आणि नव्या सभासदाला दीक्षा देण्याचा मोठा गमतीचा विधि होता. पण या पोरखेळाच्या आड एक गंभीर वचन होतें: मुक्कामाची जागा स्वच्छ ठेवावी आणि वाटेंत अडकलेल्या सोबत्याला मदत करावी. निर्जन रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीच्या नाकावर तो डबा दिसला कीं अडकलेल्याचा जीव भांड्यांत पडे.

गांवकऱ्यांचें मत या पाहुण्यांविषयीं फारसें चांगलें नव्हतें. हे लोक एक सदरा आणि एक वीस डॉलरची नोट घेऊन येतात व जाईपर्यंत दोन्ही बदलीत नाहींत, असा विनोद फ्लॉरिडांत प्रसिद्ध होता. त्यांत तथ्य एवढेंच कीं, दुरुस्तीवर पैसा घालण्यापेक्षां शेजाऱ्याला विचारून ती आपल्या हातानें करण्याकडे त्यांचा ओढा असे.

त्यांपैकीं पुष्कळांची गाडी फोर्डची मॉडेल टी. १९०८ पासून १९२७ पर्यंत ती दीड कोटीहून अधिक निघाली. वीस अश्वशक्तीचें तिचें इंजिन. तिच्या सांगाड्यावर कोणी लांकडी खोपट उभारी, कोणी मागें तंबू जोडी, आणि जें ओझें वाहण्यासाठीं ती घडलीच नव्हती तें तिच्यावर लादी. या गाडीला पेट्रोल ओढणारा पंप नव्हता. १९२६ च्या नमुन्यापूर्वीं बहुतेक गाड्यांत टांकी पुढच्या बैठकीखालीं असे आणि पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे जाई. टांकी अर्धी रिती असतां उभा चढ लागला म्हणजे इंजिन टांकीच्या वर जाई आणि पेट्रोल तेथवर पोंचेना. यावरचा उपाय कारखान्याच्या दुकानापेक्षां रस्त्यावर अधिक शिकला जाई: गाडी वळवावी आणि पाठमोरी चढवावी. मागें जाण्याच्या गतींत ओढहि अधिक मिळे. घाटांत पाठीकडून वर येणाऱ्या मोटारी पाहून नवख्या माणसाला हंसूं येई. पण त्याच्याहि टांकीवर पाळी येई.

पायाखालीं तीन पट्ट्या असत. डावी पट्टी दाबून धरली तोंवर गाडी हळू गतीनें चढे, म्हणजे दोन मैलांचा चढ असेल तर दोन मैल पाय सोडावयाचा नाहीं. या पट्ट्या आंतल्या फिरत्या ढोलांभोंवतीं कापडी अस्तराचे पट्टे आवळीत. घराच्या ओझ्यानें अस्तर लवकर झिजे आणि उतारावर ब्रेक निकामी होई. तेव्हां जुने प्रवासी सांगत कीं, ब्रेकवर सगळी भिस्त ठेवूं नये. मागें जाण्याची पट्टीहि अधूनमधून हलकेच दाबावी, म्हणजे झीज वांटली जाते. इंजिन हातदांड्यानें फिरवितांना तें उलट झटका देई आणि मनगट मोडे. त्यावरची सूचना अगदीं साधी होती: ठिणगीची कळ आधीं मागें घ्यावी, दांडा खालून वर ओढावा, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याभोंवतीं वळवूं नये. या एका वाक्यानें किती हात वांचले असतील!

परंतु तोंडोतोंडीं चालणारें सारेंच ज्ञान सारखें नसतें. रेडिएटर गळूं लागला तर त्यांत कोंडा टाकावा, ओटचें पीठ टाकावें, नाहीं तर अंडें फोडून घालावें, असेहि सल्ले मुक्कामावर मिळत. गळती कधीं कधीं खरोखर थांबे, आणि सल्ला देणाऱ्याची कीर्ति वाढे. मात्र ज्या लापशीनें छिद्र बुजे तीच बारीक नळ्याहि बुजवी, व चार दिवसांनीं पुढच्या गांवीं इंजिन तापून बंद पडे; तोंवर सल्लागार आणि रोगी यांची ताटातूट झालेली असे. इंजिनांतील दांड्याचा धातूचा बेअरिंग खचला तर चामड्याच्या कंबरपट्ट्याचा तुकडा कापून बसवावा, हा उपाय त्याच पठडींतला दिसतो, तरी तो प्रामाणिक होता. कारण सांगणारा बजावी कीं हा जुगाड पुढच्या गांवापुरताच आहे. औषध आणि तात्पुरता आधार यांतील भेद जो सांगे, तोच खरा जाणता. असा भेद लक्षांत येण्यास तोच माणूस पुढच्या हिवाळ्यांतहि त्याच ठिकाणीं भेटावा लागतो. मंडळाचीं वार्षिक संमेलनें याच दृष्टीनें मोलाचीं होतीं. तेथें फसलेल्या उपायाचा जाब विचारतां येई.

गाडी बनविणाऱ्यालाहि हा रस्ता चुकला नाहीं. १९१८ च्या उन्हाळ्यांत हेन्री फोर्ड हे टॉमस एडिसन, टायर-कारखानदार हार्वे फायरस्टोन आणि वृद्ध निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासह तंबू घेऊन प्रवासास निघाले असतां, पेन्सिल्व्हानियांत त्यांच्या ताफ्यांतील एका पॅकार्ड गाडीचा पंखा मोडून रेडिएटरांत घुसला. स्थानिक कारागिरांनीं नवे भाग हवेत असें सांगितलें. फोर्ड यांनीं कोट उतरविला आणि दोनएक तासांत गाडी चालती केली. बरोज यांनीं ही हकीगत मोठ्या कौतुकानें लिहून ठेविली आहे.

१९२४ सालीं टँपा शहरानें आपलें उद्यान या प्रवाशांना बंद केलें. मंडळ दुसऱ्या गांवांकडे वळलें आणि पुढें कित्येक वर्षें चाललें. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगाड्यांचा काळ पालटला. मिशिगनमधील रेमंड फ्रँक यांनीं १९५८ सालीं आपल्या कुटुंबासाठीं एक गाडी बांधली व कांहीं वर्षांतच ते अशा गाड्या विकूं लागले. १९६६ पासून आयोवांतील विनेबागो कारखान्यानें त्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. आतां तरी दुरुस्तीची विवंचना सरेल असें वाटावयास हरकत नव्हती. प्रत्यक्षांत गाडीचा सांगाडा एकाचा, वरचें घर दुसऱ्याचें, शीतकपाट तिसऱ्याचें आणि वीजयंत्र चौथ्याचें असे. बिघाड झाला कीं प्रत्येकाचें बोट शेजाऱ्याकडे वळे.

या नियमाला एक थोर अपवाद झाला. जनरल मोटर्स या कंपनीनें १९७३ पासून सांगाडा आणि घर एकाच छपराखालीं, मिशिगनमधील पाँटियॅक येथें, बांधावयास घेतलें. तेवीस व सव्वीस फूट लांबीच्या या गाड्यांत ओल्ड्समोबिल टोरोनॅडो मोटारीचें अवाढव्य इंजिन पुढच्या चाकांना फिरवी. गाडीखालून मागें जाणारा दांडा नसल्यामुळें जमीन इतकी खालीं आली कीं चढणें घराचा उंबरा ओलांडण्यासारखें झालें. मागच्या अंगास प्रत्येक बाजूला एकामागें एक अशीं दोन चाकें, आणि त्यांच्यामध्यें हवा भरलेली रबरी पिशवी. तिच्यांतील हवा कमीजास्त करून गाडी मुक्कामावर समतल करतां येई. अंग ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासचें, म्हणजे गंज लागावयाचाच नाहीं. १९७८ पर्यंत अशा १२,९२१ गाड्या निघाल्या. आणि मग कंपनीला जागा मालवाहू गाड्यांसाठीं हवी म्हणून हें काम बंद पडलें.

गाड्या मात्र मेल्या नाहींत, आणि येथेंच मालकांची कसोटी लागली. देह गंजेना, पण आंतडीं म्हातारीं होऊं लागलीं. रबरी पिशवी फुटे आणि गाडी मागच्या अंगानें बसे. पुढच्या चाकांचे बेअरिंग ओझ्यानें खात, आणि त्यांना वंगण घालावयास सोयीची जागा नव्हती. इंजिनाच्या आसपासच्या उष्णतेनें उन्हाळ्यांत नळींतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी चढावर थांबे. पुढें पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळूं लागल्यावर जुन्या रबरी नळ्या कुजून पेट्रोल तप्त नळकांड्यांवर ठिबकण्याचें भय निर्माण झालें. बाहेर पडण्याची वाट मोजकी आणि झोंपलेलीं माणसें आंत, अशा घरांत आग म्हणजे काय, हें सांगावयास नको. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला अनुभवी मालक पहिली गोष्ट हीच सांगत आले: पडदे आणि गाद्या मागाहून पाहा, आधीं टांकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक नळी बदला. या मालकांनीं आपलीं स्वतंत्र मंडळें उभारलीं, संमेलनांत एकमेकांच्या गाड्यांखालीं घोंगडी अंथरून तास न्‌ तास घालविले, आणि त्यांतले कांहीं यंत्रकलेचे जाणकार स्वतःच सुधारलेले भाग घडवून विकूं लागले. मूळ कारखान्याला जी वस्तू करण्याचें आतां कारण उरलें नव्हतें, ती आणखी चांगली करून देणारी माणसें तिच्या गिऱ्हाइकांतूनच निघालीं.

याच सुमारास हें ज्ञान पुस्तकांतहि उतरलें. अभियंता जॉन म्यूर यांनीं १९६९ सालीं न्यू मेक्सिकोंतील सँटा फे येथून फोक्सवॅगन गाड्यांच्या देखभालीचें एक पुस्तक काढलें. अगदीं अनाड्यालाहि कळावें म्हणून त्यांत पायरीपायरीनें सूचना आणि पीटर आश्वान्डेन यांचीं खेळकर चित्रें होतीं. त्या काळीं अशाच फोक्सवॅगन बसगाड्यांतून पाश्चात्य तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या वाटेनें भारतांत येत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर उतरत. इराणांतील क्रांति आणि अफगाणिस्तानांतील रशियन आक्रमण यांमुळें १९७९ सालीं ती वाट तुटली. पुस्तक टिकलें. तरीहि छापील पान पाना हातांत घेऊन किती जोरानें आवळावा हें शिकवूं शकत नाहीं. बेअरिंगचा आवाज कोणता साधा आणि कोणता घातक, हें जाणत्याजवळ बसून ऐकावेंच लागतें. आणि जाणता म्हातारा होत असतो. ज्यांनीं या गाड्या नव्या असतां घेतल्या होत्या त्यांतले पुष्कळ आज हयात नाहींत. कित्येक गाड्यांबरोबर किल्लीच्या जोडीला दुरुस्त्यांची वहीहि नव्या मालकाच्या स्वाधीन झाली, आणि जेथें वही नव्हती तेथें नव्या मालकाला सगळ्या चुका पहिल्यापासून करून पाहाव्या लागल्या.

टँपाच्या उद्यानांत जन्मलेलें तें जुनें डबेवाल्यांचें मंडळहि माणसें सरतां सरतां विझून गेलें होतें. १९९८ सालीं मिशिगनमधील कँप डिअरबॉर्न येथें जुन्या घरगाड्यांच्या हौशी मालकांनीं तें पुन्हां चालू केलें. त्यांच्या मेळाव्यांत मालक आपल्या गाडीचीं दारें सताड उघडीं ठेवितात. कोणींहि आंत यावें, फळी उचलून खालची नळी पाहावी, आणि ती तशीच कां बसविली, हें विचारावें.