जुन्या होडीच्या बुडाची निगा : उन्हाळ्यात काय तपासावे, काय दुरुस्त करावे

पहूर (ता. जामनेर) : अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर नदी पहूरवरून पुढे जाते आणि खाली वाघूर धरणात अडते. या धरणावर, तसेच हतनूर आणि गिरणा धरणांवर मासेमारी करणाऱ्यांचे पोट होडीवर अवलंबून असते. होडीचा वरचा भाग रोज डोळ्यांसमोर असतो. बूड मात्र पाण्याखाली असते, त्यामुळे होडी पाणी घ्यायला लागल्याशिवाय तिकडे कोणी बघत नाही. मधल्या पाण्यात, ओल्या जाळ्यांचा भार असताना फट उघडली तर डब्याने पाणी उपसून काठ गाठणे कठीण होते. म्हणून वर्षातून एकदा तरी होडी पूर्ण बाहेर काढून बूड तपासलेच पाहिजे.

काम कधी काढावे

एप्रिल-मे महिन्यात धरणाचे पाणी उतरते, काठ मोकळा होतो आणि लाकूड, रंग लवकर वाळतो. पावसाळ्यात जोराचा वारा, लाटा आणि वाहून येणारे ओंडके होडीची परीक्षा घेतात. त्यामुळे मृगाच्या आधी दुरुस्ती उरकलेली बरी.

होडी खडकावरून ओढत आणू नये. खाली गोल ओंडके घालून सरकवावी आणि लाकडी ठोकळ्यांवर पालथी ठेवावी. बूड ओले असतानाच शेवाळ, चिखल आणि गोगलगायी कुंच्याने घासून काढाव्यात. एकदा वाळल्यावर हे सगळे चिकटून बसते.

लाकडी होडी

लाकूड सर्वात आधी कुजते ते पाण्याच्या रेषेजवळ. तिथे ते सारखे भिजते आणि वाळते. दुसरी जागा म्हणजे आतल्या आडव्या लाकडांखालचा कोपरा. तिथे माशांचे खवले आणि घाण पाणी साचते.

तपासण्याची रीत सोपी आहे. जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दर वीतभर अंतरावर टोचून बघावे. चांगल्या लाकडात टोक अडते, कुजलेल्यात सहज आत जाते. मग हातोडीने हलके ठोकावे. टणक आवाज आला तर लाकूड ठीक, बद्द आवाज आला तर आतून गेलेले आहे असे समजावे. खिळ्याभोवती काळा डाग दिसला तर खिळा गंजलेला आहे. तो काढून गॅल्व्हनाइज्ड किंवा तांब्याचा खिळा घालावा. कुजलेल्या जागेवर नुसता रंग मारून उपयोग नाही. तेवढी फळी चांगल्या लाकडापर्यंत कापून नवी बसवावी लागते.

दोन फळ्यांच्या सांध्यातील जुनी वात आणि डांबर खरवडून काढावे. कापसाची पिळलेली वात जवसाच्या तेलात भिजवून बोथट पटाशी आणि लाकडी हातोड्याने सांध्यात बसवावी. वरून राळ आणि तेलाचे मिश्रण किंवा डांबर भरावे. राळ-तेल भडकते, म्हणून उघड्या जाळावर तापवू नये. गरम वाळूवर भांडे ठेवून, मोकळ्या जागेत, घर आणि कडब्यापासून लांब तापवावे. जवसाच्या तेलाचे बोळे ढिगात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेकावेत.

खानदेशच्या उन्हाचा धोका

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात लाकडी होडी उघडी पडली तर फळ्या आक्रसतात आणि सांधे बोटभर उघडल्यासारखे दिसतात. घाबरून त्या फटीत खच्चून वात भरली तर नुकसान होते. होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, वातीला जागा उरत नाही आणि फळ्या एकमेकींना ढकलून खिळे उपसतात.

म्हणून होडी लिंबाच्या सावलीत किंवा ताडपत्रीच्या छपराखाली ठेवावी. ज्या भागावर काम चालू नाही त्यावर ओली गोणपाटं टाकावीत. वात हाताला घट्ट लागेल एवढीच भरावी.

पत्र्याची होडी

पत्रा बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतो, कारण तळाशी पाणी उभे राहते. होडी आतून कोरडी करून तारेच्या ब्रशने पापुद्रे काढावेत. नंतर ती उजेडाकडे बूड करून धरावी आणि आतून बघावे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक आहे. शंका असलेल्या जागी हातोडीने ठोकून बघावे. पत्रा दबला तर तो पातळ झाला आहे.

एम-सीलने भोक बुजवणे म्हणजे त्या दिवसापुरती सोय. खरी दुरुस्ती करताना पातळ भाग कापून, चांगल्या पत्र्यावर चढेल असा तुकडा वेल्ड करावा. वेल्डिंगच्या आधी त्या जागेचा रंग आणि डांबर काढावे, रॉकेल-पेट्रोल जवळ ठेवू नये. शेवटी रेड ऑक्साइडचा एक हात आणि वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. आतली बाजू सोडू नये.

फायबरची होडी

फायबर कुजत नाही, म्हणून त्याला काही करावेच लागत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. वरचा गुळगुळीत थर खरवडला गेला की पाणी आत झिरपते आणि फोड येतात. गोड्या आणि कोमट पाण्यात हे फोड समुद्रापेक्षा लवकर येतात. फोड फोडून, धुऊन, जागा कित्येक दिवस पूर्ण वाळू द्यावी. मग पॉलिश पेपरने घासून रेझिन आणि काचेची मॅट लावावी.

रेझिनमध्ये आधी अॅक्सिलरेटर पूर्ण मिसळावा, त्यानंतर हार्डनर घालावा. ही दोन्ही रसायने एकमेकांत थेट कधीच ओतू नयेत, स्फोट होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करावे.

समुद्रावरचा रंग धरणात नको

समुद्रात होडीच्या बुडाला बार्नेकल नावाचे टणक कवचाचे जीव चिकटतात आणि लाकूड पोखरणारे किडे लागतात. त्यासाठी अरबी समुद्रावरच्या शिडाच्या जहाजांना पूर्वी चुना आणि चरबीचा लेप देत. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीत आंग्र्यांच्या आरमाराची जुनी गोदी आजही दिसते. जहाजे पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करायची ती जागा. आजही कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी काठावर घेऊन बुडाची कामे उरकतात.

समुद्रासाठी मिळणाऱ्या खास रंगात तांब्यासारखी विषारी द्रव्ये असतात. कथिलाचे विषारी रंग तर इतके घातक ठरले की 2008 पासून त्यांच्यावर जागतिक बंदी आहे. आपल्या धरणांच्या गोड्या पाण्यात बार्नेकल नाहीत आणि समुद्रातले ते किडेही नाहीत. शेवाळ घासून निघते. त्यामुळे असा रंग लावणे म्हणजे पैसा वाया आणि माशांना विष. वाघूर धरणाचे पाणी जळगाव शहर पिते, हेही ध्यानात ठेवावे. खरवडलेला रंग, डांबराचे तुकडे आणि तेल ताडपत्रीवर गोळा करावे, पाण्यात जाऊ देऊ नये. जुना रंग घासताना तोंडाला मास्क बांधावा, त्यात शिसे असू शकते.

पाण्यात घालताना

लाकडी होडी काठाजवळ उथळ पाण्यात बांधून एक-दोन दिवस भिजू द्यावी. सुरुवातीला पाणी घेईल. फळ्या फुगल्यावर गळती थांबली पाहिजे. दोन दिवसांनीही तेवढेच पाणी येत असेल तर होडी परत बाहेर काढावी.

त्यानंतर जाळी आणि माणसांच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या ठेवून कमरेएवढ्या पाण्यात तासभर थांबावे. रिकामी होडी किती बुडते तिथे रंगाची रेघ मारावी. पुढच्या वर्षी रेघ पाण्याखाली गेली तर लाकूड पाणी पिऊन जड झाले आहे. तेवढा माल आणि एक माणूस कमी न्यावा.

होडी कधी सोडावी

मधला कणा कुजला, आतली आडवी लाकडे खिळा धरेनाशी झाली किंवा पत्र्याला हात लावाल तिथे भोक पडू लागले, तर दुरुस्तीवर खर्च करू नये. अशी होडी उथळ पाण्यातही वापरू नये आणि दुसऱ्याला विकूही नये.

बूड कितीही पक्के असले तरी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि होडीत पाणी उपसायचे दोन डबे असावेत.