कृषी निविष्ठा विक्रेत्यांची संघटना आणि शाश्वत विकास उद्दिष्टे : राळेगाव (जि. यवतमाळ)

बियाणे, खते व कीटकनाशके यांची परवानाधारक किरकोळ विक्री करणाऱ्या दुकानदारांच्या व्यावसायिक संघटनेचा संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांशी असलेला संबंध. महाराष्ट्रात या व्यवसायाची राज्यपातळीवरील संघटना म्हणजे महाराष्ट्र फर्टिलायझर्स, पेस्टिसाइड्स, सीड्स डीलर्स असोसिएशन. ती ‘माफदा’ या नावाने ओळखली जाते. जिल्ह्याजिल्ह्यांतील विक्रेते तिच्या छत्राखाली येतात. डॉक्टर, अभियंते किंवा सनदी लेखापाल यांच्या संस्थांइतका या संघटनेचा गवगवा नाही. तरीही कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात रसायनांचा वापर किती व कसा होईल, हे ठरवण्यात तिच्या सभासदांइतका वाटा क्वचितच दुसऱ्या कोणत्या व्यवसायाचा असेल.

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे गाव. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तालुक्यातील वडकी नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके, शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. गोंड व कोलाम समाजाची वस्ती मोठी असून विधानसभेचा राळेगाव मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. कृषी विभागाच्या एकेका कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ त्याहून दूर. सकाळी शटर उघडणारे कृषी केंद्र, म्हणजे निविष्ठांचे दुकान, मात्र बाजाराच्या रस्त्यावरच असते, तिथे उधारीही चालते. त्यामुळे पिकावर काही दिसले की शेतकरी आधी तिथेच जातो.

या भेटीत काय घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे. शेतकरी खिशातून पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडाचे, लालसर पान काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, “भाऊ, काय मारू याच्यावर?” पान कडेने आधी पिवळे, मग लाल होऊन खाली वळले असेल, तर तो बहुधा तुडतुड्यांचा उपद्रव असतो. शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल-जांभळा झाला असेल आणि सुरुवात खालच्या पानांपासून असेल, तर मॅग्नेशियमची कमतरता असण्याची शक्यता जास्त. त्यावर कीटकनाशक मारून उपयोग शून्य, मॅग्नेशियम सल्फेट द्यावे लागते. पान उलटून मागची बाजू पाहायला आणि “खालची पानं आधी लाल झाली का?” असे विचारायला अर्धे मिनिट पुरते. तेवढा वेळ दिला तर एक फवारणी वाचते. न विचारताच दोन बाटल्या आणि वर एक ‘टॉनिक’ दिले गेले, तर शेतकऱ्याचे पैसे जातात, शेतातले मित्रकीटक मरतात आणि पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराच्या अंगावर विष उडते.

हे विष काय करू शकते, ते यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या खरिपात पाहिले. त्या वर्षी कापूस फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व इतरत्र दाखल झाले. काहींची दृष्टी अधू झाली. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढून अनेक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार तोंडावर येत होते. हवा दमट होती. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत रुळली होती. बॅटरीवरच्या पंपांनी फवारा अधिक बारीक केला होता. हातमोजे व मुखपट्टी वापरात नव्हती आणि असती तरी त्या उकाड्यात दिवसभर अंगावर ठेवणे कठीण होते. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेनथियुरॉन यांच्यासह ५ कीटकनाशकांच्या विक्रीवर अमरावती विभागातील ५ जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. डायफेनथियुरॉनमुळे विषबाधा झाल्याच्या दाव्याचे प्रकरण पुढे स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या दिवाणी न्यायालयापर्यंत गेले. विक्रेत्यांवरही बोट ठेवले गेले. ते सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. मिश्रणाचा सल्ला पुष्कळदा काउंटरवरूनच गेला होता. पण दोषाचे सगळे ओझे साखळीच्या शेवटच्या कडीवर टाकणेही न्यायाचे नाही. औषधाला नोंदणी देणारी यंत्रणा, त्याची जाहिरात करणारे उत्पादक आणि गावापर्यंत न पोहोचलेली शासकीय सल्लासेवा हे सारे त्या दुकानदाराच्या आधी येतात.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांपैकी तीन या व्यवसायाशी थेट निगडित आहेत. लक्ष्य ३.९ घातक रसायनांमुळे होणारे मृत्यू व आजार २०३० पर्यंत लक्षणीयरीत्या कमी करण्याचे आहे. लक्ष्य १२.४ रसायने व त्यांचा कचरा यांच्या सुरक्षित हाताळणीचे; त्याची मुदत २०२० होती. लक्ष्य २.४ जमीन व परिसंस्था टिकवणाऱ्या शेतीविषयी बोलते. अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये प्रथम तयार केलेल्या आणि आता जागतिक आरोग्य संघटनेसह चालवल्या जाणाऱ्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेत विक्रेत्यांच्या प्रशिक्षणावर भर आहे. बॉन येथे सप्टेंबर २०२३ मध्ये स्वीकारलेल्या रसायनविषयक जागतिक आराखड्यात, जिथे धोका आटोक्यात ठेवता येत नाही आणि सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत, तिथे शेतीतून अतिघातक कीटकनाशके २०३५ पर्यंत हटवण्याचे लक्ष्य आहे. या ठरावांना राळेगावात अर्थ यायचा असेल, तर तो कृषी केंद्राच्या फळीवर काय ठेवले जाते आणि काय ठेवायचे नाकारले जाते, यातून येईल.

या कामी आजवर सर्वांत उपयोगी ठरण्याजोगी गोष्ट म्हणजे ‘देसी’ पदविका. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने (मॅनेज) निविष्ठा विक्रेत्यांसाठी ती २००३ मध्ये सुरू केली. अभ्यासक्रम एका वर्षाचा. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या सुट्टीला वर्ग, म्हणजे दुकान बंद ठेवावे लागत नाही. एकूण ४८ आठवड्यांपैकी ४० वर्गात व ८ प्रत्यक्ष शेतात. माती परीक्षणाचा अहवाल वाचणे, किडीची ओळख, फवारणीचे प्रमाण, कायद्यातील तरतुदी असे विषय त्यात असतात. महाराष्ट्रात नागपूरची ‘वनामती’ ही राज्य विस्तार प्रशिक्षण संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे अशा प्रशिक्षणात सहभागी होतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये कीटकनाशक नियमांत दुरुस्ती करून विक्रेत्यांना शैक्षणिक पात्रतेची अट घातल्यावर या पदविकेला परवान्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले. जुन्या परवानाधारकांसाठी हैदराबादच्याच राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रमही आहे. वडिलांकडून गल्ला मिळालेल्या, पंचवीस-तीस वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाने पुन्हा बाकावर बसणे सोपे नसते. अशांना वर्गापर्यंत आणणे हे संघटनेचेच काम आहे. सरकारी परिपत्रकाने ते होत नाही.

माफदाचे सार्वजनिक काम मुख्यतः व्यापाराच्या संरक्षणाचे राहिले आहे. बनावट व निकृष्ट निविष्ठांना आळा घालण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये मांडलेल्या विधेयक क्रमांक ४० ते ४४ ला तिने कडाडून विरोध केला आणि २ ते ४ नोव्हेंबर २०२३ या काळात राज्यभर कृषी केंद्रे बंद ठेवली. सीलबंद माल विकणाऱ्याला आतल्या मालाच्या दर्जाबद्दल आरोपी धरू नका, साक्षीदार करा, ही तिची मागणी. ती रास्त आहे. परंतु बाटलीतले औषध कंपनीचे असले, तरी ‘हे मार’ हा सल्ला विक्रेत्याचा असतो आणि त्याची जबाबदारी सीलमागे लपवता येत नाही. संघटनेने मालाच्या दर्जाबद्दल जेवढा आवाज उठवला, तेवढा सल्ल्याच्या दर्जाबद्दल अजून उठवलेला नाही.

‘लिंकिंग’विरुद्धची तिची तक्रार मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवी. युरिया किंवा डीएपी हवे असेल तर त्याबरोबर न मागितलेली विद्राव्य खते, सूक्ष्मअन्नद्रव्ये किंवा इतर उत्पादने उचलावी लागतात आणि ती शेवटी शेतकऱ्याच्या माथी मारली जातात. वरवर हा दुकानदाराचा भांडवल अडकण्याचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात गरज नसलेली रसायने शेतात जाण्याची ही एक मोठी वाट आहे. लिंकिंग थांबले तर लक्ष्य २.४ कडे टाकलेले ते पाऊलच ठरेल, मग संघटना त्याला ते नाव देवो वा न देवो.

दुकानाच्या पातळीवर करण्याजोग्या गोष्टी महागड्या नाहीत. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतात. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही ते सांगता येतात. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून, सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग सापडल्यावरच किंवा १० टक्के फुले-बोंडे किडलेली दिसल्यावरच फवारणी करावी, अशी शिफारस आहे. सापळ्यात पतंगांना ओढणारी कामगंध गोळी आणि फवारणीचे औषध एकाच दुकानात मिळते. आधी कोणती वस्तू पुढे केली जाते, यावर बरेच अवलंबून असते. ५ टक्के निंबोळी अर्कात विक्रेत्याला नफा नाही, म्हणूनच तो सुचवणारा विक्रेता विश्वासाला पात्र. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, मग बाटलीला भोक पाडावे. घरात तेल किंवा पाणी भरायला ती जाऊ नये.

आणि पक्के बिल. कीटकनाशक विकताना ते देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. उधारीच्या व्यवहारात, हंगामाच्या गर्दीत ते राहून जाते. विषबाधेच्या उपचारात त्याचे महत्त्व वेगळेच असते: ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषावर ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम ही औषधे दिली जातात, तर डायफेनथियुरॉनसारख्या रसायनावर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. काय फवारले हे बेशुद्ध रुग्ण सांगू शकत नाही, आणि मिश्रण केले असेल तर सोबत आलेल्या नातेवाइकालाही ते ठाऊक नसते. उत्पादनाचे नाव, घटक आणि बॅच क्रमांक लिहिलेले बिल घरात असले, तर नातेवाईक ते रुग्णालयात नेतात आणि डॉक्टरांचा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.